मधली कुणाला धरते

५ जानेवारी

नाताळच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस, आणि एब्बेने माझ्या खुंटीवर स्वतःचं ओलं जाकीट टांगलेलं. अकरा वर्षं त्या खुंटीला माझा कोट असतो. मी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं तर म्हणतो, "गुनव्हर, खुंटीवर नाव लिहिलंय होय गं?" फ्यून बेटावरची माणसं बोलतात तसं त्याचं प्रत्येक वाक्य चालीत असतं. ओडेन्सेहून कोपनहेगनला येऊन दोन वर्षं झाली, हेल काही गेला नाही. बाकीच्यांना तो हेल गोड वाटतो. मला दात आंबल्यासारखं होतं.

दुपारी व्हिबेकेने आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. ती आमच्या संशोधन केंद्राची प्रमुख. तिने सरळच सांगितलं: पेशींतल्या साखरेच्या संशोधनासाठी एकच कायमचा गट मंजूर होणार, त्याचा एकच मुख्य असणार, आणि समिती मे महिन्यात आमच्यातून एकाला निवडणार. माझा करार ऑगस्टअखेर संपतो. तो गट मिळाला नाही तर सप्टेंबरात मी घरी. पन्नाशीला टेकलेल्या बाईला या शहरात नवी प्रयोगशाळा कोण उघडून देणार आहे? एब्बे अडतीसचा आहे. त्याला अजून दहा दारं उघडी आहेत, पण बसायचंय माझ्याच दारात.

१५ जानेवारी

रागाच्या भरात लिहिलं की पुढे माझं मलाच कळत नाही, म्हणून आमचं भांडण एकदा नीट लिहून ठेवते.

पेशीत हजारो प्रथिनं असतात. त्यांतल्या काहींवर साखरेचा एक कण चिकटला की त्यांचं वागणं बदलतं. हा कण चिकटवणारं एन्झाइम एकच, पण त्याची रूपं तीन. आम्ही त्यांना लांबडी, मधली आणि आखूड म्हणतो. तिघींच्या मागच्या टोकाला साखर लावणारं तोंड असतं आणि ते अगदी सारखं असतं. फरक पुढच्या हातात. लांबडीचा हात लांब, आखूडचा आखूड, आणि मधलीच्या हाताच्या अगदी टोकाला एक छोटा तुकडा असतो, जो तिला मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, पोचवतो. तो तिचा पत्ता.

मग प्रश्न असा, की एवढ्या हजारांतून कुणाला धरायचं हे त्या ठरवतात कशा? मी म्हणते, हात ठरवतो. हात चाचपतो, नाकारतो, पसंत करतो. एब्बे म्हणतो, कसली पसंती नि कसलं काय! जी जिथे उभी असेल तिला तिथे जो सापडेल त्याला ती धरते. म्हणजे त्याच्या मते निवड वगैरे काही नसतंच, नुसती शेजारपाजारची गाठ. असल्या विचाराचा माणूस सकाळी उठून कामाला तरी कशाला येतो कोण जाणे.

माझ्याकडे पुरावा आहे. मी तिन्ही रूपं वेगवेगळ्या पेशींत घातली, पेशी वाटून लगदा केला, आणि कुणी काय धरलं ते मोजलं. मधलीने चाळीसेक अशी प्रथिनं धरली आहेत ज्यांना बाकीच्या दोघी हातही लावत नाहीत. आणि गंमत म्हणजे त्यांतलं जवळजवळ एकही मायटोकॉन्ड्रियात राहत नाही! राहते एकीकडे आणि धरते भलतीकडचं. शेजाराची गाठ म्हणे. आता बोल म्हणावं.

२ फेब्रुवारी

शोधनिबंध छापायला पाठवला. व्हिबेकेने पाठ थोपटली. "केंद्राच्या निधीचं नूतनीकरण याच्यावर उभं आहे बरं का," म्हणाली. मग जाताजाता विचारलं, "पुलापलीकडे लुंडला तुझी ओळख आहे ना अजून? ती टिकव. छान लोक आहेत." बहुधा गट मिळाल्यावर स्वीडनशी मिळून काही काढायचा तिचा बेत आहे. मी लगेच लुंडला पत्र टाकलं.

सगळं गोड चाललं असताना एब्बे कॉफीयंत्रापाशी आडवा आला.

"गुनव्हर, टॅग कुठल्या टोकाला लावलायस?"

टॅग म्हणजे प्रथिन गर्दीतून ओढून काढता यावं म्हणून त्याच्या टोकाला चिकटवायचा तुकडा. या प्रयोगशाळेत पोरसवदा विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे की आम्ही तो पुढच्या टोकाला लावतो. मागच्या टोकाला तोंड आहे, तिथे लावला तर साखर चिकटवणार कशी? आणि तिघींची तुलना करायची तर तिघींना सारखंच वागवायचं. हा व्हिबेकेचा वीस वर्षांचा नियम आहे. आम्ही घरी पोरांना सरबत ओततानासुद्धा पेले शेजारी ठेवून रेषा बघणारी माणसं. एकीला पुढे नि दुसरीला मागे टॅग, हे आमच्या हातून कसं होईल?

मी म्हटलं, "तुमच्या फ्यूनमध्ये गायीला दावं कुठल्या टोकाला बांधतात? त्याच टोकाला."

शेजारी दोघंतिघं हसले. एब्बेचे कान लाल झाले. म्हणाला, "मी सरळ विचारत होतो," आणि कप तसाच ठेवून गेला. बरं झालं. काही शिकवायला निघाला होता.

१३ फेब्रुवारी

आमच्याकडे रीत आहे. ज्याच्या हातून चूक होईल त्याने शुक्रवारच्या बैठकीला केक आणायचा, उभं राहून चूक सांगायची, सगळ्यांनी हसायचं आणि खायचं. एब्बेने परवा शीतपेटीचं दार उघडं टाकलं आणि स्वतःचाच महिन्याचा माल वितळवला. आज तो ब्रुन्सविगर घेऊन हजर. त्यांच्या बेटावरचा, वरून लोणी नि काळपट साखर ओघळणारा. घरी स्वतः भाजलेला! काय त्याचं कौतुक! "दार लावायचं असतं हे मला आईने शिकवलं होतं," म्हणाला आणि सगळे खदाखदा हसले. चूक करून लोकप्रिय व्हायची ही त्याची जुनी युक्ती आहे.

मी अकरा वर्षांत एकदाही केक आणलेला नाही. आज कुणीतरी हे बोलून दाखवलं. मला वाटलं कौतुक करतायत, पण सगळे आपापल्या ताटलीत बघत होते.

तुकडा मात्र खाल्ला. चव बरी होती.

११ मार्च

परीक्षकांची मतं आली. दोघे खूश. तिसरा, अर्थातच निनावी, लिहितो: "लेखकांनी पेशी वाटण्याआधी मधलं रूप पेशीत कुठे आहे याचं एक तरी चित्र द्यावं." एक तरी! जसं मी चित्र लपवून ठेवलंय.

घरी येऊन प्रेबेनला म्हटलं, "हा एब्बेचा कुणीतरी ओडेन्सेचा दोस्त आहे. पैजेवर सांगते."

नवरा राय धान्याच्या काळ्या पावावर कलेजीचा लेप लावत होता. "मागच्या वेळचा परीक्षकही ओडेन्सेचाच होता ना?"

"होता."

"आणि त्याच्या आधीचा?"

"तुला थट्टा सुचतेय."

"नाही गं. मी मोजतोय, ओडेन्सेत माणसं किती उरलीत ते. अगं, मागतोय तर एक चित्र काढून दे. तुझं काय जातं?"

ह्याला सगळंच सोपं वाटतं. चित्र देणार आहे मी, पण तोंडावर फेकल्यासारखं देणार आहे.

२४ मार्च

चित्र मिळालं, आणि काय चित्र! मधली सगळ्या पेशीभर पसरली आहे. मायटोकॉन्ड्रियात बांधलेली नाहीच, मोकळी हिंडते आहे. आजवर कुणीही हे दाखवलेलं नाही. म्हणूनच ती भलतीकडची प्रथिनं धरते! निवड करायला ती घराबाहेर पडते. त्या तिसऱ्या महाशयांचे आभार मानायला हवेत, त्यांनी मला अडवायला धोंडा टाकला आणि मी त्याची पायरी केली.

व्हिबेके म्हणाली, "एब्बेलाही दाखव." मी आनंदाने दाखवलं. तो पडद्यासमोर बराच वेळ उभा होता.

"तू याचा अर्थ काय लावतेस?"

"ती हिंडते."

"सगळ्या पेशींत?"

"सगळ्या."

त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं. मग "बरं," म्हणाला. नुसतं बरं! कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

९ एप्रिल

निबंधासाठी तिघींची आकृती काढत होते. बाण, चौकोन, रंग. मधलीची ओळ काढली. आधी लाल चौकोन, तो टॅग. मग पिवळा, तो पत्ता. मग हात, मग तोंड.

पत्ता अगदी टोकाला असला तरच वाचला जातो. हे मी वर्गात शिकवते. त्याच्यापुढे काहीही चिकटवलं की झाकला जातो आणि प्रथिनाला कुठे जायचं ते कळत नाही.

मी स्वतःच्या हाताने तिचा पत्ता झाकला आहे. ती हिंडत नव्हती. ती हरवली होती.

१० एप्रिल

रात्रभर एकच चाललं होतं डोक्यात. दोन वर्षं. ती चाळीस प्रथिनं मधलीने पसंत केलेली नाहीत. ती बिचारी भलत्या वस्तीत भटकत होती आणि जे समोर आलं त्याला धरत होती. सर्वांत वाईट गोष्ट लिहायला हात होत नाही, पण लिहिते. हात तोच, तोंड तेच, मी फक्त जागा बदलली, आणि तिने धरलेली प्रथिनं सगळी बदलली. एब्बेचं म्हणणं याहून चांगलं खुद्द एब्बेलाही सिद्ध करता आलं नसतं. त्याच्यासाठी मी दोन वर्षं राबले, फुकट.

प्रेबेनला सांगितलं.

"छापून आलं तर कुणाला कळेल?"

"इतक्यात कुणाला नाही. समितीला तर मुळीच नाही."

"मग?"

"एब्बेला कळलंय. त्या दिवशीचं ते 'बरं'! त्याला फेब्रुवारीपासून माहीत असणार. तो थांबलाय. छापून येऊ देईल आणि मग सगळ्या जगासमोर मला आडवी करेल."

"तो तसा आहे?"

"मी त्याच्या जागी असते तर तसंच केलं असतं."

प्रेबेनने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून भांडी घासायला घेतली. पण माझं ठरलं आहे. तो आनंद मी त्याला मिळू देणार नाही. माझी चूक मीच सांगणार, समितीच्या आधी, भर बैठकीत. तो गट गेला तर गेला.

१७ एप्रिल

केक दुकानातून आणला, थरांचा, वर क्रीम. भाजायचा प्रयत्न केला होता, खाली करपला.

खोक्याची दोरी सोडली. मी उभी राहिले आणि सांगितलं. टॅग, पत्ता, सगळं. निबंध आज सकाळी मागे घेतला हेही सांगितलं. रीत अशी की लोकांनी हसायचं. कुणी हसलं नाही.

व्हिबेके पांढरी पडली होती. "गुनव्हर, तू हे आधी माझ्याशी का नाही बोललीस? निधीचा अर्ज सोमवारी जातोय. सोमवारपर्यंत थांबता आलं नसतं?"

"खोटं सोमवारी खरं होणार होतं का?"

"मला अक्कल शिकवू नकोस. अर्जाचं पहिलं पान तुझ्या निबंधावर आहे." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "आणि समितीचं म्हणशील तर, तुला वाटतं तेवढा फरक त्या निबंधाने पडणार नव्हता." शेवटी तिने धीर दिला म्हणायचा. म्हणजे अजून आशा आहे.

मग मी एब्बेकडे वळले. "तुला माहीत होतं."

"शंका होती. फेब्रुवारीपासून."

"आणि तू गप्प बसलास?"

"मी विचारलं होतं. तू मला गायीचं दावं दाखवलंस, सगळ्यांसमोर." आज त्याच्या आवाजात चाल नव्हती. "चित्र दाखवलंस तेव्हा पुन्हा तोंड उघडणार होतो. तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, जाऊ दे. पडते तर पडू दे."

"म्हणजे पडू देणार होतास."

"हो."

"निर्लज्ज आहेस."

"असेन. तू दोन वर्षांत मला एकदा तरी सुप्रभात म्हटलंयस का, गुनव्हर? एकदा?"

मी म्हटलं, ज्याला खुंटी आणि खुर्ची यातला फरक कळत नाही त्याला काय सुप्रभात म्हणायचं. त्यावर तो म्हणाला, आता तर दोन्ही माझीच होतील. कुणीतरी "अरे, पुरे" म्हणालं. सगळे उठून गेले. केक तसाच राहिला. फक्त एब्बेने एक मोठा तुकडा कापला, तिथेच उभा राहून शेवटपर्यंत खाल्ला, ताटली धुतली आणि गेला. उपकार केल्यासारखा.

संध्याकाळी सायकलवरून घरी येताना तळ्याकाठी थांबले आणि रडले. लाज वाटली, पण रडले. चूक कुणाच्याही हातून होते असं लोक म्हणतात. माझ्या हातून होत नव्हती, एवढीच माझी मिळकत होती.

६ मे

एब्बेला गट मिळाला. व्हिबेकेने अभिनंदनाच्या भाषणात सांगितलं की त्याच्या खोलीचं रंगकाम जानेवारीतच सुरू केलं होतं, म्हणून बरं झालं, आता लगेच तिथे बसायला जाता येईल. सगळे हसले.

मी ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. जानेवारी! लुंडच्या छान लोकांबद्दल ती बोलली ती फेब्रुवारीत, म्हणजे माझं जायचं तेव्हाच ठरलं होतं. मी किती मूर्ख आहे हे मला अजून पूर्ण कळलेलं नाही असं दिसतं, रोज थोडं थोडं कळतं.

२८ मे

ऑगस्टपर्यंत पगार आहे, तर बसून काय करायचं? मधली पुन्हा बांधली. या वेळी पुढचं टोक उघडं ठेवलं आणि टॅग मागे लावला, मधे लांब सैल दुवा घालून, म्हणजे तोंडाला अडथळा नको. तिघींना सारखं वागवायचा नियम मोडला. व्हिबेकेला विचारलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि बरं वाटलं, हे आधी करायला हवं होतं.

११ जून

आज दुपारी सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बसले आणि पेशी पडद्यावर आणल्या.

मधली घरी पोचली आहे. पेशीभरचा तो धुरकट उजेड गेला. त्याजागी बारीक शेवयांसारखे तंतू, एकेक वेगळा, झळझळीत हिरवा. मायटोकॉन्ड्रिया, एकूण एक. कालच वाटलेल्या पेशींची मोजणीही आली होती. चाळिसांतलं एकही प्रथिन तिच्या हाती नव्हतं. तिने धरली होती ती सगळी तिच्या घरातलीच. माझी हरवलेली मधली आणि ही घरी पोचलेली मधली शेजारी ठेवली की दुसरं काही सांगावंच लागत नाही. एब्बे बरोबर होता. इतकं स्वच्छ चित्र मी आयुष्यात काढलेलं नव्हतं, आणि ते त्याच्या बाजूचं होतं.

मी दार उघडलं. एब्बे बोळातून डबा घेऊन चालला होता.

"इकडे ये."

"का? आता काय केलं मी?"

"ये म्हटलं ना."

तो आला आणि न विचारता खुर्चीवर बसला. मी दोन्ही चित्रं लावली, मोजणीचा कागद समोर ठेवला, आणि काहीही समजावलं नाही. त्यानेही विचारलं नाही. डबा मांडीवर तसाच, तो पडद्याकडे वाकला. मग कागदाकडे. मग परत पडद्याकडे. एकदा हसला, पण मला नाही, त्या तंतूंना.

"हे मला जमलं नसतं," तो म्हणाला. "माझ्याकडे हरवलेली नव्हती ना."

"बडबड करू नकोस. बघ."

"कुणाच्या नावाने छापायचं?"

"माझं नाव पहिलं. आणि पहिल्याच वाक्यात लिहायचं की मी चुकले होते. 'पूर्वीच्या अहवालांत' वगैरे मखलाशी नको."

"आणि माझं?"

"शेवटी. तुझ्या खोलीला रंग दिलाय ना, तेवढं पुरे."

तो पुन्हा बघत राहिला. मला त्याचा राग येत होता, अजूनही येतो आहे, हे लिहितानासुद्धा. पण प्रेबेनला दाखवलं असतं तर त्याने "छान हिरवं आहे" म्हटलं असतं, आणि व्हिबेकेने निधीचा हिशेब मांडला असता. या अख्ख्या शहरात ते चित्र वाचता येणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या खुर्चीवर बसून, डबा न उघडता, एकेक तंतू बघत होता.

मी उभ्याउभ्याच त्याला पुढची पेशी लावून दिली.